घरचा बर्फ

चैत्र लागला की आमच्या घरी एसी धुणारा माणूस येतो. सून फोन करून बोलावते. मोटारसायकलच्या मागं लहानसा पाण्याचा पंप बांधून तो येतो, भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीला खालून प्लास्टिकची झोळी लावतो आणि आतल्या पत्र्यांवर पिचकारी मारतो. झोळीत काळं पाणी उतरतं. मी खुर्ची ओढून अगदी जवळ बसतो. सून म्हणते, "बाबा, अंगावर उडंल, तिकडं सरका जरा." मी सरकत न्हाई. उडू दे. मला तो वास पाहिजे असतो.

पहिल्या पावसाच्या मातीचा वास लोक कौतुकानं सांगतात. माझा वास हा. वर्षभराची धूळ, गार पत्रा आणि त्यावर पडलेलं पाणी. जरासा गंजाचा, जरासा जुन्या गोधडीचा. नाकात गेला की माझी ऐंशीला टेकलेली ढोपरं दुखायची थांबतात आणि मी जालन्याच्या मोंढ्यामागच्या गल्लीत सायकल लावत असतो.

साल मला विचारू नका. मी चौथी शिकलेला माणूस; सालं लक्षात ठेवायला मला कोणी पगार दिला न्हाई. मोठा दुष्काळ सरून गेल्ता, जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, आणि मी बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो, एवढं बराबर आठवतं.

बर्फाचा कारखाना ज्यानं पाह्यला न्हाई त्याला उन्हाळा समजला न्हाई. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि आत आम्ही गोणपाट पांघरून उभे. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले, डब्यात गोडं पाणी. गॅसचा उग्र वास डोळ्यांत चढायचा. डबा वर काढून उलटा केला की लादी सुटायची, निळसर, मधोमध पांढरी रेघ असलेली. ती फरशीवरून घसरत दारापर्यंत जायची तेव्हा जो आवाज व्हायचा तो मी अजून कुठल्या वाद्यात ऐकला न्हाई. आमचे मिस्त्री गफूरमिया, हैदराबादकडचे. त्यांनी मला काम शिकवलं ते असं, "पैले कान लगा, बाद में पाना लगा." मी मशीनच्या अंगाला कान लावून उभा राहायचो. लोक हसायचे. हसू देत.

त्या उन्हाळ्यात मोंढ्यातल्या धान्यबाजारातले अडत्ये रंगनाथअण्णा धान्याच्या पोत्यांच्या थप्पीवरून खाली आले. चढले कशाला होते, तर हमालाला थप्पी कशी लावायची ते दाखवायला. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर. चैत्र-वैशाखात प्लास्टर म्हणजे काय ते ज्याला झालं त्यालाच माहीत. मुंबईच्या मेहुण्याला त्यांची कीव आली आणि त्यानं आपल्या घरची जुनी थंड हवेची पेटी मालट्रकमध्ये घालून पाठवली. खिडकीचे गज कापून ती बसवली. साऱ्या गल्लीत तेव्हा तसलं काही नव्हतं. पेटी सुरू झाली की शेजारपाजारचे दिवे एकदा डोळा मारत आणि मंग मंद मंद जळत राहत. सगळ्यांना कळायचं, अण्णांची थंडी चालू झाली.

पण अण्णांना थंडी काही लागेना. कारखान्यात निरोप आला, थंडीतलं कळणारा माणूस पाठवा. गफूरमियांचं गुडघ्याचं दुखणं होतं. ते मला म्हणाले, "थंडी सब एकीच है रे किसन. जा."

मी गेलो तर अण्णा लोखंडी पलंगावर पडल्या पडल्या काकूंची विणायची सुई प्लास्टरमध्ये घालून खाजवत होते.

"आला का बर्फाचा डॉक्टर," ते म्हणाले. "पाह्य रे बाबा. दिवसभर घुंघुं करून राह्यली, अन् माझा घाम हटून न्हाई राह्यला."

दारात मथुराकाकू उभ्या होत्या, त्यांच्या मंडळी. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खोचलेला, आवाज असा की मोंढ्यातल्या लिलावाला उभं करावं. त्या म्हणाल्या, "पेटीला काय धाड भरली? चांगला बर्फ धरून राह्यली. यांच्या अंगातच उष्णता हाय, त्याला पेटी काय करंल."

मी पुढची जाळी काढली. आत पत्र्यांच्या नळ्यांवर बर्फाचा थर चढलेला, पांढराशुभ्र, हाताच्या पंजाएवढा जाड. आता मी बर्फाच्या कारखान्याचा माणूस. बर्फ धरला म्हणजे मशीन तब्येतीत, न धरला म्हणजे मालक बोंब मारणार, हे माझं सगळं शिक्षण. माझा ऊर भरून आला.

"अण्णा, मशीन एक नंबर हाय," मी म्हणलो. "बर्फ पाह्या काय धरलाय."

अण्णांचं तोंड उतरलं. काकूंचं फुललं. त्यांनी परात पुढं केली. मी हातानं ते तुकडे मोडमोडून परातीत टाकले. बोटं बधिर झाली, पण काम असं की गाणं म्हणावंसं वाटावं. दाराला वाळ्याचा पडदा होता, काकू त्यावर सारखं पाणी मारायच्या. पडदा ओला ठेवला की बर्फ जास्त धरतो हे त्यांनी शोधून काढलं होतं, आणि शोध चुकीचा नव्हता. म्हशीला पेंड घालावी तशी त्या त्या पेटीला ओल घालत होत्या.

परात बाहेर गेली तर ओट्यावर लेकरं वाट्या घेऊन बसलेली. कोणाच्या घरी ताप, कोणाच्या घरी पाहुणा. दिवे मंद होतात त्याच्या बदल्यात गल्लीला बर्फ मिळायचा आणि गल्ली कुरकुर करत नव्हती. काकू वाटता वाटता सांगायच्या, "घरचा हाय गं. कारखान्याचा बर्फ आमच्या घरात चालत न्हाई. कोणत्या पाण्याचा, कोणाकोणाचे हात लागलेले. हा आपला शुद्ध."

मी तिथंच उभा. बोटं अजून लाल.

मंग काकूंना आठवलं असावं की मी उन्हातून आल्तो. ओट्याच्या कोनाड्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक पेला पालथा घातलेला होता, कडा चेपलेला. तो त्यांनी बोटानं दाखवला आणि तांब्या घेऊन वरून ओतायला उभ्या राहिल्या. "पाणी पी, बर्फवाल्या."

"तहान न्हाई, काकू," मी म्हणलो.

घसा असा सुकलेला की ते तीन शब्दसुद्धा खरखरत बाहेर आले.

आमचं गाव आष्टीजवळ. आमच्या बापानं धम्म घेतला तेव्हा मी लहान होतो. पण त्या दिवशी त्यानं काय केलं ते मी पाह्यलंय. मालकाच्या ओट्यावर त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला होता, असाच, चेपका. तो त्यानं उचलून घरी आणला आणि अंगणात कोंबड्यांसमोर ठेवला. मालकानं विचारलं, पेला कुठं नेला? बाप म्हणाला, "कोंबड्यायला लागत होता." पुढं कित्येक वर्षं आमच्या कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. त्या घरातलं पोरगं मी. मी कोनाड्यातला पेला कसा उचलणार? आणि मागून कसा घेणार दुसरा? सांगून, भांडून मिळालेला पेला मला नको होता. त्यांना आपणहून सुचलं तर सुचलं. न्हाई तर मी त्या घरात तहानेनं उभा राहीन, पण पाणी पिणार न्हाई, हे मी सायकलवर टांग टाकता टाकता ठरवून टाकलं. मी एकदा ठरवलं की मंग माझं मलाच बदलता येत न्हाई, हे माझ्या बायकोला विचारा.

पुढं मला त्या घरातून सारखं बोलावणं यायला लागलं. कधी पेटी थरथरली म्हणून, कधी लाइट कमी झाली अन् ती बंद पडली म्हणून. कारखाना सुटला की मी जायचो. स्क्रू आवळायचा, तेल टाकायचं, कान लावायचा. बर्फ मोडून परातीत. काकू म्हणणार, "पाणी पी, बर्फवाल्या." मी म्हणणार, "तहान न्हाई." जाताना गल्लीच्या तोंडावरच्या नळाला तोंड लावून मी इतकं पाणी प्यायचो की सायकलवर पोटात डुचमळायचं.

ते दिवस आठवले की मला जिभेवरची ती कोरड आठवते, आणि गंमत अशी की ती कडू लागत न्हाई. पंचविशीतली तहान होती ती. अंगात रग असली की उपाशीतापाशी राहण्यातबी मजा असते. शेजारच्या जिनिंगमधून रूईचे तंतू उडून यायचे, उन्हात चमकायचे. मोसंब्याची गाडी गेली की गल्लीभर साल सोलल्याचा वास. वाळ्याचा पडदा ठिबकतोय, अण्णा सुई घालून खाजवताहेत, आणि मी गार पेटीला कान लावून उभा, घसा कोरडा. माझ्यासारखा श्रीमंत माणूस तेव्हा जालन्यात नसंल.

अण्णा पडल्या पडल्या सगळं पाहत. एकदा काकू आत गेल्यावर हळूच म्हणाले, "किसन, तुझी तहान मला समजती बरं का."

"मला कुठं तहान हाय, अण्णा."

"हां. अन् मला कुठं घाम हाय." ते कण्हत कुशीवर व्हायला गेले आणि प्लास्टरनं त्यांना परत उताणं केलं. "मी सांगितलं असतं तिला. पण या घरात पोती माझ्याकडं अन् पेले तिच्याकडं. पोत्यांनी हे असं केलं माझं. पेल्यात हात घालायची हिंमत न्हाई."

एक दिवस डबा खाताना मी गफूरमियांना त्या बर्फाचं कौतुक सांगत होतो. कसा धरतो, किती पांढरा. ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत.

"अरे येडे, कारखाने में बर्फ जम्या तो अच्छा. उस पेटी में जम्या तो बीमारी. हवा कायसे जाएगी? नाक में रूई ठूसके सोता क्या तू?"

मी म्हणलो, तसं नसतं. ते म्हणाले, तसंच असतं. मी म्हणलो, तुम्ही पेटी पाह्यली तरी का? ते म्हणाले, तू पाह्यली, तुझे क्या दिख्या? बर्फाच्या कारखान्यात उभं राहून बर्फ वाईट असतो हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय चेष्टा हाय? मी उठून गेलो. पण 'नाक में रूई' काही डोक्यातून जाईना. सायकल चालवताना जिनिंगमधून आलेला एक तंतू माझ्या मिशीला चिकटला, आणि मी उतरून तिथंच रस्त्यात उभा राहिलो.

मंग मी पेटी बंद करायला लावली, बर्फ गळू दिला आणि मोंढ्यातले हमाल बोलावून ती खिडकीतून काढून अंगणात ठेवली. पाठ, पोट सगळं उघडं केलं. पत्र्यांच्या फटीफटीत रूई बसलेली, ओली होऊन तिचा घोंगडीसारखा नमदा झालेला. हवा जायला जागाच न्हाई. जी थंडी तयार होई ती तिथल्या तिथं गोठून बसे, खोलीत येतच नसे. मी अण्णांचा दाढीचा ब्रश मागितला, त्यांनी डोळे मिटून दिला. त्यांची फणी मागितली, वाकलेले पत्रे विंचरायला. तीही दिली. पाणी मारत, विंचरत, मी रूईचे गोळे काढत गेलो. एक उशी भरली असती. आणि तेव्हा तो वास आला. धूळ, गार पत्रा, पाणी. तोच.

पेटी परत बसवली, बटण दाबलं. दिव्यांनी डोळा मारला. थोडा वेळ काहीच न्हाई. मंग पडदा हलला, कॅलेंडरची पानं हलली, अण्णांच्या छातीवरचे केस हलले. अण्णांनी आत हाक मारली.

"मथुरे, चादर दे गं."

वैशाख तोंडावर आलेला आणि जालन्यात एक माणूस चादर मागून राह्यला. मला वाटलं, आता मला कशाचीच कमी न्हाई.

काकू चादर घेऊन आल्या त्या थेट पेटीशी गेल्या. "बर्फ कुठाय?"

"आता न्हाई धरणार, काकू. हवा मोकळी झाली."

"न्हाई धरणार म्हणजे? उद्या माझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू हाय. साऱ्या गल्लीला सांगून बसले, घरच्या बर्फाचं पन्हं देते म्हणून." त्यांनी अंगणात जाऊन रूईचा एक ओला गोळा उचलून आणला आणि माझ्यापुढं धरला. "हे घे. जसं होतं तसं बसव."

अण्णांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली. "त्या पेटीला हात लाव, मंग पाह्य. याच पायानं उठून येतो का न्हाई."

गोळा तसाच काकूंच्या हातात, त्यातून पाणी गळतंय. इतक्या जोराची बाई एकदम लहान दिसायला लागली. गल्लीत त्यांचा मान त्या परातीवर उभा होता, आणि परात मी उपडी केली होती. त्या दिवशी त्या पाणी पी म्हणायलाबी विसरल्या.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातून लादी घेतली. मीच पाणी भरलेल्या डब्यातली, मीच काढलेली. भुसा लावून गोणपाटात गुंडाळली आणि सायकलच्या मागं बांधली. कोणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या कामानं कोणाची फजिती झाली असं जालन्यात कोणी म्हणावं, हे मला चालणारं नव्हतं. रस्ताभर मागं पाण्याची रेघ पडत होती.

अंगण बायकांनी भरलं होतं. गौर आरशापुढं मांडलेली, कलिंगडाची कमळं कापलेली, आंब्याच्या डाळीचा आणि ओल्या हरभऱ्याचा वास. पन्ह्याचं पातेलं काठापर्यंत भरलेलं, गरम हवेत तसंच. मी लादी ओट्याखाली उतरवली. सगळ्यांच्या बांगड्या थांबल्या.

"काकू, बर्फ आणला," मी म्हणलो. "कारखान्याचा हाय. माझ्या हातचा हाय. चालत असंल तर घ्या."

काकू पाहत राहिल्या. लादी गळत होती. समोरच्या घरातल्या शांताबाई, ज्यांची खिडकी अण्णांच्या खिडकीसमोर होती, त्या डाळीची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "मथुरे, कोणाच्या हातचं काय घेऊन बसलीस? इतके दिवस त्या पेटीतून परातीत बर्फ कोण मोडून टाकत होतं? मी रोज पाह्यलंय खिडकीतून."

मला वाटलं, आता काही तरी फुटणार.

काकू म्हणाल्या, "मी काय आंधळी हाय? मला बी दिसत होतं."

त्या हे अशा काही म्हणाल्या की शांताबाईंनी वाटी परत उचलली. मंग काकू माझ्याकडं वळल्या. "अन् तू काय बघून राह्यला? उन्हात गळून चालला सगळा. उचल, आत आण."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. मी लादी खांद्यावर घेतली, चपला काढल्या, आणि आत नेली. हातोडीनं फोडली. पातेल्यात तुकडे पडले तेव्हा पन्ह्यानं आवाज केला, तव्यावर पाणी पडल्यासारखा, पण उलटा, थंड. काकू पेले भरायला लागल्या. मी दाराच्या चौकटीत उभा राहिलो. निघून जाता आलं असतं. काम झालं होतं.

"काकू," मी म्हणलो. "आता तहान लागली."

त्यांचा हात थांबला. कोनाडा माझ्या मागं, ओट्यावर होता. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून तिकडं गेली, आणि परत आली. आतल्या खोलीत अण्णांची सुई खाजवायची थांबली. मंग काकूंनी मांडणीवरचा स्टीलचा पेला काढला, बायकांना देत होत्या त्यातलाच, पदरानं पुसला, काठोकाठ भरला, वरून बर्फाचा एक खडा टाकला, आणि माझ्या हातात दिला. हातात. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली, दोघांचीबी बर्फानं गार.

"घे, किसन," त्या म्हणाल्या. बर्फवाल्या न्हाई.

मी सावकाश प्यायलो. घाई केली न्हाई. पेल्याच्या कडेला नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. एक घोट आणि एक अक्षर, असं करत मी ते वाचलं. सौ. मथुरा. गुळाचं, वेलदोड्याचं, कैरीचं ते पन्हं. नंतर मी पुष्कळ घरांच्या पेट्या धुतल्या, माझं स्वतःचं दुकान झालं, मोठमोठ्या माणसांच्या घरी खुर्ची मिळाली. त्या पेल्याची चव कशाला आली न्हाई.

एका पेल्यानं जग बदललं असं मी सांगत न्हाई. त्याच गल्लीत दुसऱ्या ओट्यांवर कोनाडे होते आणि राहिले. पण पुढच्या उन्हाळ्यात मी अण्णांकडं पेटी धुवायला गेलो, अण्णा दोन्ही पायांवर चालत दार उघडायला आले, तेव्हा कोनाडा रिकामा होता. तो जर्मनचा पेला मला पेटीच्या खाली, खिडकीबाहेर दिसला. पेटीतून ठिबकणारं पाणी त्यात साठत होतं आणि त्याच्या चेपक्या कडेवर बसून दोन चिमण्या पाणी पीत होत्या. मी अण्णांना म्हणलो, "पेला बराबर जागी लागला." बाप असता तर त्याला दाखवला असता.

आता हा आमच्याकडचा धुणारा. तिशीचा असंल, मंठ्याकडचा, कामाला चोख. पिचकारी मारून झाली, झोळी सोडली, पेटी सुरू झाली. खोलीत तो वास भरून राह्यला. मी आत जाऊन पेला भरून आणतो. माझ्या नावाचा, बायकोनं हौसेनं कोरून घेतलेला.

"असू द्या बाबा," तो म्हणतो. "तहान न्हाई. बाटली हाय माझ्याजवळ."

"बाटली राहू दे," मी म्हणतो, आणि पेला धरून तसाच उभा राहतो. सून आतून म्हणते, बाबा, त्याला उशीर होऊन राह्यला. होऊ दे. हात दुखतो, पेल्याला बाहेरून घाम सुटतो, पण मी पेला खाली ठेवत न्हाई. शेवटी तो हसतो आणि हात पुढं करतो. आत खडा वाजतो.

"बर्फ घरचा हाय," मी त्याला सांगतो.